वजाबाकीची वास्तुकला

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



बडोद्याच्या मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या ग्रंथभांडारात पहिल्यांदाच पाऊल टाकणारा मनुष्य क्षणभर बिचकतो. पायाखालची जमीन काचेची आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात पाचारण केले आणि राज्यातील ग्रंथालयांची घडी त्याच्या हातून बसवून घेतली, हा इतिहास येथील वाचकांना नव्याने सांगावयास नको. त्या घडीचेच एक फळ म्हणजे हे भांडार. मांडण्या पोलादाच्या, कारण पोलाद पेट घेत नाही. आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या लाद्यांच्या, कारण खिडक्यांतून आलेला उजेड एकाच मजल्यावर अडून न राहता वरून खाली झिरपत जावा आणि पुस्तकाच्या पाठीवरचे नाव दिवसाउजेडी वाचता यावे. विजेचा दिवा तेव्हा बडोद्याला अपरिचित होता असे नाही. तरीही जो उजेड आकाशातून फुकट येतो त्याला आधी वाट करून द्यावी, दिव्याचे मागाहून पाहावे, असा विचार त्या रचनेमागे दिसतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय याच विचाराची पुढची पायरी आहे. वर्षभरात जितकी ऊर्जा वापरायची तितकीच स्वतः निर्माण करून, वर्षाच्या अखेरीस बाहेरून घेतलेल्या ऊर्जेचा हिशेब शून्यावर किंवा शून्याच्या अगदी जवळ आणणाऱ्या इमारती आज जगात अनेक ठिकाणी उभ्या राहिल्या आहेत, भारतातही आहेत. अशा इमारतीला ‘निव्वळ शून्य ऊर्जेची इमारत’ म्हणतात. यातील ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा. अशी इमारत वीज वापरतच नाही असा त्याचा अर्थ नाही. दिवसा छतावरच्या सौरपटांतून निर्माण झालेली जादा वीज ती वीजमंडळाच्या तारेत सोडते आणि रात्री त्याच तारेतून परत घेते; दोन्ही बाजूंनी मोजणारे मीटर या देवघेवीची नोंद ठेवते. पेढीवरच्या चालू खात्यासारखाच हा प्रकार. दिवाळीत खाते मिटवताना जमा आणि नावे समान निघाले, की बाकी शून्य.

आता कोणत्याही खात्याची बाकी शून्यावर आणण्याचे मार्ग दोनच. जमा वाढवावी, नाहीतर खर्च घटवावा. सामान्य माणसाचे लक्ष सहजच पहिल्या मार्गाकडे जाते. छतावर सौरपट बसवले की झाले, अशी एक समजूत सर्वत्र दिसते. ती किती अपुरी आहे हे थोड्या अंकगणिताने ध्यानात येईल.

गुजरातच्या उन्हात एक किलोवॉट क्षमतेचे सौरपट वर्षाला साधारण 1400 युनिट वीज देतात. पटांची एकमेकांवर सावली पडू नये म्हणून सोडावी लागणारी जागा धरून त्यांना सुमारे दहा चौरस मीटर छत लागते. म्हणजे छताच्या एका चौरस मीटरमागे वर्षाला 140 युनिट. एखादे पूर्ण वातानुकूलित, काचेने मढवलेले कार्यालय जर दर चौरस मीटर जमिनीमागे वर्षाला 140 युनिटांहून अधिक वीज खात असेल, तर त्याचे सगळे छत सौरपटांनी झाकले तरी एका मजल्याचीही गरज भागत नाही. तीच गरज 45 युनिटांवर आणता आली, तर तेच छत तीन मजले सांभाळते. छत वाढवता येत नाही. मजले मात्र एकावर एक चढत जातात. म्हणून शून्याचा रस्ता बेरजेतून फारसा पुढे जात नाही. तो वजाबाकीतून जातो.

ऊर्जेच्या बाबतीत भारत सरकारचे काम पाहणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने अशा इमारतींसाठी जे मानांकन ठरवले आहे त्याचे नावच ‘शून्य’ असे आहे. स्वतःची निर्मिती वजा जाता दर चौरस मीटरमागे वर्षाला दहा युनिटांपेक्षा अधिक वीज बाहेरून घ्यावी लागत नसेल, तर ती इमारत या मानांकनास पात्र ठरते. उलट वीज शिल्लक टाकणाऱ्या इमारतीला त्याच्याही वरचे स्थान आहे.

खर्च घटवायचा तर तो मुळात होतो कशापायी हे पाहिले पाहिजे. थंड देशांत ऊर्जेचा मोठा भाग घर ऊबदार ठेवण्यात जातो. जर्मनीतील डार्मस्टाट या गावी 1991 साली काही घरांची एक ओळ बांधण्यात आली. वोल्फगांग फाइस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्या भिंती इतक्या उबदार आवरणाने वेढल्या आणि फटी इतक्या काटेकोरपणे बुजवल्या, की घर तापवण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला 15 युनिटांहून अधिक ऊर्जा लागू नये, हा दंडक त्यातून जगापुढे आला. माणसांच्या अंगाची आणि चुलीची ऊब घरातच कोंडून ठेवणे, हे तिथल्या कौशल्याचे सार. बडोद्याला याचे तत्त्व घेता येईल, कृती जशीच्या तशी घेता येणार नाही. येथे प्रश्न ऊब धरून ठेवण्याचा नसून ऊन बाहेर ठेवण्याचा आहे.

ते ऊन येते कोठून? बडोदे विषुववृत्तापासून सुमारे 22 अंश उत्तरेस आहे. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे बसक्या इमारतीत उन्हाळ्याचा सर्वांत मोठा मार भिंतींवर नसून गच्चीवर असतो. दक्षिणेकडच्या खिडकीला हातभर छज्जा असला तरी उन्हाळ्याचे मध्यान्हीचे ऊन आत येत नाही. आणि डिसेंबरात सूर्य मध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर चढत असल्याने तेच कोवळे ऊन त्याच छज्ज्याखालून आत येते. एक दगडी पट्टी वर्षातून दोन ऋतूंत दोन वेगळी कामे करते, आणि तिला वीज लागत नाही. पश्चिमेची खिडकी मात्र दुष्ट. संध्याकाळचे ऊन आडवे येते, त्यापुढे छज्जा निरुपयोगी. तिथे उभी पडदी, जाळी, नाहीतर कडुनिंबाचे झाड हवे. उत्तरेचा उजेड सर्वांत सौम्य. चित्रकार आणि वाचक दोघांनाही तोच मानवतो.

हे सारे ज्ञान जुन्या बांधणीत होते. बडोद्यातील तांबेकरांचा वाडा तेथील भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु अशा कोणत्याही जुन्या वाड्याकडे हवामानाच्या दृष्टीने पाहिले तरी पुष्कळ शिकता येते. मधला चौक रात्री आकाशाकडे उष्णता सोडून निवतो आणि सकाळी तोच गारवा पडवीतून माजघरात शिरतो. जाड भिंती दुपारचे ऊन पोटात घेतात, ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. उंच तक्तपोशीखाली तापलेली हवा वर जमते आणि झरोक्यांतून निघून जाते.

मात्र जुन्या वाड्यांचे गोडवे गाताना हिशेब प्रामाणिक ठेवला पाहिजे. दुपारी भिंतीने पोटात घेतलेले ऊन ती रात्री ओकते, म्हणूनच वैशाखात सारे घर गच्चीवर निजायला जात असे. मधल्या खोल्या अंधाऱ्या असत. त्या अंधारात स्त्रियांचे आयुष्य जात असे, हेही विसरता कामा नये. वाड्याला विजेचे बिल नव्हते हे खरे. पण वाड्यात रात्री अकरापर्यंत अभ्यास करणारी मुलगी, संगणक, शीतकपाट हेही नव्हते. आजच्या माणसाच्या गरजा पूर्ण करून हिशेब शून्यावर आणणे, ही वाड्यापुढे कधीच न आलेली परीक्षा आहे. म्हणून वाड्याची नक्कल करून भागणार नाही. वाड्याची समज आणि आजची मोजमापाची विद्या यांची सांगड घालावी लागेल.

ही सांगड घालण्याचे काही महत्त्वाचे प्रयत्न जवळच, गुजरातेतच झाले. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म 1927 साली पुण्यात झाला; पुढे अहमदाबाद ही त्यांची कर्मभूमी ठरली आणि 2018 साली वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार त्यांना मिळाला. 2023 साली त्यांचे निधन झाले. ‘संगत’ हे त्यांनी स्वतःच्या कामासाठी अहमदाबादेत बांधलेले कार्यालय. अर्धे जमिनीत उतरलेले, कारण जमिनीखाली तापमान फारसे हलत नाही; वर अर्धगोल कमानींची छते, आणि त्यांवर फुटक्या पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे. हा ‘चायना मोझेक’ बडोद्यातल्या कितीतरी गच्च्यांवर आहे. पाणी गळू नये म्हणून तो घातला जातो असे बहुतेकांना वाटते. तो आणखी एक काम गुपचूप करतो: ऊन परतवून लावतो. काळवंडलेल्या गच्चीवर भर दुपारी अनवाणी उभे राहवत नाही, आणि पांढऱ्या फरशीवर राहवते, हा अनुभव लहान मुलालाही असतो. दोन्ही गच्च्यांखालच्या खोल्यांतही तोच फरक असतो.

अहमदाबादजवळच्या टोरेंट संशोधन केंद्राची इमारत निमिष पटेल आणि पारुल झवेरी या वास्तुविशारद दांपत्याने 1990च्या दशकात उभी केली. औषधांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा वातानुकूलनाशिवाय चालू शकत नाहीत असा सर्वांचा समज. येथे इमारतीच्या मध्यभागी उंच धुराड्यांसारखे पोकळ मनोरे ठेवले. त्यांच्या माथ्यावर पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडले जातात. तुषारांची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. गार झालेली हवा जड होऊन मनोऱ्यातून आपोआप खाली उतरते आणि प्रयोगशाळांतून फिरून कडेच्या मनोऱ्यांवाटे वर निघून जाते. वाळ्याच्या ताट्यावर पाणी शिंपडण्याचीच ही युक्ती, फक्त मोजमाप करून सबंध इमारतीला लावलेली. भर उन्हाळ्यात बाहेरच्या आणि आतल्या तापमानात दहा अंशांहून अधिक फरक तिने पाडून दाखवला. या युक्तीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, वाफ होत नाही, आणि तुषार बंद ठेवून पंख्यांवर भिस्त टाकावी लागते. घरातला कूलर जुलै महिन्यात का चिकचिक करतो, याचे उत्तरही हेच.

तिसरे उदाहरण हैदराबादचे, पण त्याचा धागा बडोद्याला बांधलेला. 2004 सालच्या जुलै महिन्यात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते हैदराबादेत सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीचे उद्घाटन झाले. पर्यावरणपूरक इमारतींसाठी अमेरिकेत जे सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ मानांकन दिले जाते, ते अमेरिकेबाहेर मिळवणारी ही पहिली इमारत. तिचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर बडोद्याचे. चांपानेरला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झटणारे. चांपानेरला ते स्थान 2004 सालीच मिळाले. चांपानेरच्या मशिदींतील दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हैदराबादची ती इमारत परकी वाटणार नाही. मधोमध चौक, सभोवती वर्तुळाकार दालने, उन्हाचे तुकडे करून वाऱ्याला मात्र वाट देणाऱ्या जाळ्या, गार हवा आत ओढणारे दोन वायुमनोरे आणि छतावर हिरवळ. दिवसा बहुतेक दालनांत दिवा लावावा लागत नाही. ही इमारत शून्यावर पोहोचलेली नव्हती. विजेचा एक हिस्साच सौरपटांतून येत असे. परंतु वजाबाकी किती दूरवर नेता येते हे तिने देशाला दाखवले.

शून्यावर पोहोचण्याचे ध्येय समोर ठेवून बांधलेली मोठी सरकारी इमारत त्यानंतर दहा वर्षांनी दिल्लीत उभी राहिली. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाचे हे ‘इंदिरा पर्यावरण भवन’. बांधणी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची, उद्घाटन 25 फेब्रुवारी 2014 रोजी झाले. दिल्लीचा उन्हाळा, शेकडो कर्मचारी, आणि अनेक मजली बांधकाम. म्हणजे हिशेब अवघडच. तरी तो कसा जुळवला ते पाहण्यासारखे आहे.

आधी वजाबाकी. इमारतीचे दोन लांबट भाग करून मध्ये मोठा चौक ठेवला. त्यांचे तोंड असे, की पूर्व-पश्चिमेचे ऊन कमीत कमी भिंतीवर पडावे. मोठ्या कार्यालयांत वातानुकूलनाची कितीतरी वीज थंड हवा नळ्यांतून ढकलण्यातच जाते. येथे हवेऐवजी थंड पाणी छतालगतच्या नळ्यांतून फिरवले, कारण तितकाच गारवा वाहून न्यायला पाण्याला फार कमी श्रम पडतात. इमारतीतून काढलेली उष्णता तापल्या आकाशात फेकण्याऐवजी काही अंशी जमिनीत सोडली. त्यासाठी सुमारे 80 मीटर खोलीची 180 विंधनछिद्रे घेतली. या साऱ्याचा परिणाम असा, की इमारतीची गरज दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे 44 युनिटांवर येईल असा आराखडा बसला.

मग बेरीज. एवढी वजाबाकी करूनही वर्षाला सुमारे 14 लाख युनिटांची गरज उरली. त्यासाठी 930 किलोवॉटचे सौरपट लागले. छत पुरेना. तेव्हा सौरपटांचे मोठे आच्छादन इमारतीच्या कडांबाहेर आणि चौकावरही पुढे काढले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारतीने डोक्यापेक्षा मोठी पगडी घातल्यासारखे दिसते. त्या पगडीतच सारा धडा आहे. एवढ्या काटकसरीने राहणाऱ्या इमारतीलाही आपले छत अपुरे पडले. उधळ्या इमारतीचे काय झाले असते?

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी कोणतीही इमारत शून्य नसते. शून्य हे वर्षाअखेरीचे उत्तर आहे, आणि ते उत्तर इमारतीत राहणारी माणसे लिहितात. वातानुकूलन यंत्र 18 अंशांवर लावून अंगावर शाल घेणारे अधिकारी सर्वत्र आढळतात. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. म्हणूनच 2020 सालापासून भारतात खोलीसाठी विकली जाणारी तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच 24 अंशांवर लावलेली येऊ लागली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातील निरनिराळ्या हवामानांतील कार्यालयांत जाऊन तेथील माणसांनाच विचारले, की कोणत्या तापमानाला तुम्हांला बरे वाटते. निष्कर्ष असा, की खिडकी उघडता येणाऱ्या, पंखा असणाऱ्या जागेत भारतीय माणूस परदेशी कोष्टकांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा बरेच अधिक तापमान सुखाने स्वीकारतो. खिडकी आणि पंखा हाताशी असणे, हे सुखाचे अर्धे कारण असते.

आता हा विषय ग्रंथालयाच्या शताब्दीत का आणावा, याचे उत्तर देणे प्राप्त आहे.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयांपुढे, मग ती बडोद्याची असोत, इंदूरची असोत की बेळगावची, आज एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा आहे. तरुण वाचक येत नाही. कार्यकारी मंडळाला वाटते की जुने दालन जुनाट दिसते म्हणून तो येत नाही. मग कोणी सुचवतो, की उंच छताखाली दुसरे बुटके छत ठोकावे, झरोके बुजवावेत, खिडक्यांना काचा लावून वातानुकूलन यंत्रे बसवावीत. कोणी याहून पुढे जाऊन सांगतो, की सगळीच इमारत पाडून चार मजली संकुल उठवावे. यातील कळकळ खरी आहे. परंतु वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत विजेच्या बिलापोटी गेलेला प्रत्येक रुपया पुस्तकखरेदीतून गेलेला असतो, हे खजिनदारांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

उदाहरणादाखल एक मध्यम ग्रंथालय घ्यावे. वीस पंखे, चाळीस नळदिवे; रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस. जुना पंखा 75 वॉट घेतो, चोकसह जुना नळदिवा सुमारे 50 वॉट. सारे मिळून साडेतीन किलोवॉट, वर्षाला 2400 तास, म्हणजे 8400 युनिट. हा हिशेब केवळ सौरपटांनी मिटवायचा तर सहा किलोवॉट लागतील. आता पंखे बदलून 30 वॉटचे नवे बसवावेत, तर पंख्यांचा खर्च वर्षाला 1440 युनिटांवर येतो. दिवे 20 वॉटचे एलईडी करावेत. आणि खिडक्यांपुढे उभी केलेली कपाटे हलवून, धुळीने अंध झालेल्या काचा पुसून निम्मा वेळ तरी दिवसाच्या उजेडावर काढावा, तर दिव्यांना 960 युनिट पुरतात. एकूण 2400. त्याला दोन किलोवॉटचे सौरपट पुरून उरतात. सहा किलोवॉटांऐवजी दोन. मधले चार किलोवॉट कोठून आले? काही पंख्यांतून, काही दिव्यांतून, आणि काही नुसते कपाट सरकवण्यातून.

गच्चीला पांढरा लेप किंवा चायना मोझेक, पश्चिमेला जाळी अथवा झाड, बंद पडलेल्या झरोक्यांच्या झडपा पुन्हा हलत्या करणे, ही कामे या हिशेबात धरलेलीच नाहीत. त्यांनी युनिट कमी होतील की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता वाचक खुर्चीवर बसून राहील की उठून जाईल, हे त्यांवर ठरते.

आणि पुस्तकांचे काय? पुस्तकाला उजेडापेक्षा ऊन मारते, आणि उन्हापेक्षाही दमट हवेतले चढउतार. पावसाळ्यात दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, असे करणाऱ्या दालनात हवेतला ओलावा रोज वरखाली होतो. कागद रोज फुगतो, रोज आकसतो, आणि गार झालेल्या पृष्ठभागांवर रात्री ओल धरते. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. दुर्मीळ पोथ्या आणि जुनी नियतकालिके यांसाठी वातानुकूलन हवेच असेल तर एक लहानशी, नीट बंदिस्त खोली निवडावी आणि तिथे ते अहोरात्र एकसारखे चालू ठेवावे. एवढा खर्च सौरपट पेलू शकतील. वाचनालयाच्या मोठ्या दालनाला मात्र वारा हवा.

राहता राहिला इमारत पाडण्याचा प्रश्न. शून्याच्या हिशेबात एक खाते बहुधा उघडलेच जात नाही. वीट भाजायला लागलेला कोळसा, सिमेंटच्या भट्टीची आग, पोलाद, काच, आणि हे सारे वाहून आणणाऱ्या गाड्यांचे इंधन, ही सगळी ऊर्जा इमारत वापरात येण्याआधीच खर्च झालेली असते. शंभर वर्षांच्या इमारतीचे हे कर्ज पूर्वजांनी कधीच फेडून टाकले आहे. ती पाडून नवी बांधणे म्हणजे फिटलेले कर्ज पुन्हा अंगावर घेणे. नव्या संकुलाच्या छतावर कितीही सौरपट बसवले तरी ते फेडण्यात पुढची कितीतरी वर्षे जातील. जी इमारत खरोखरच धोकादायक झाली असेल तिची गोष्ट निराळी. तेथे वाचकाच्या जिवापुढे कोणताही हिशेब नाही. परंतु गळणारे छत, पोपडे आलेली भिंत आणि कुरकुरणारा जिना ही दुरुस्तीची कारणे आहेत, पाडण्याची नव्हेत.

उत्तर गुजरातेतील मोढेरा गाव अकराव्या शतकातील सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. 2022 सालच्या ऑक्टोबरात तेच गाव अहोरात्र सौरविजेवर चालणारे गाव म्हणून घोषित झाले. घराघरांच्या छपरांवर सौरपट बसले. 2024 सालच्या फेब्रुवारीत घरगुती छतांवरील सौरपटांना अनुदान देणारी केंद्राची ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना सुरू झाली. बेरजेची सोय, थोडक्यात, पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी झाली आहे. वजाबाकीला मात्र अनुदान मिळत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते, आणि तिचा समारंभही होत नाही. झडप दुरुस्त केल्याबद्दल कोणी फीत कापत नाही.

म्हणून शताब्दीच्या या वर्षात ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी एक साधे काम करावे. मागील बारा महिन्यांची विजेची बिले एका ओळीत मांडावीत. जानेवारीच्या आणि मेच्या आकड्यांत जो फरक दिसेल, तो बहुतांशी उन्हाचा आहे; जो आकडा बाराही महिने तसाच राहतो, तो दिव्यांचा आणि सवयींचा. मग एका दुपारी दोघा-तिघांनी दालनात फिरून पाहावे: कोणता दिवा खिडकीशेजारी उगाच जळतो, कोणता झरोका कधीकाळी रंगाच्या थराखाली चिकटून बसला, कोणत्या कपाटाने उत्तरेचा उजेड अडवला. ही यादी तयार झाल्याशिवाय कंत्राटदाराला बोलावू नये, आणि सौरपट विकणाऱ्यालाही नाही.

मांडवीच्या त्या काचेच्या जमिनीवरून किती पिढ्यांचे वाचक आणि ग्रंथसेवक चालले असतील, याची गणती नाही. त्या लाद्यांनी इतक्या वर्षांत किती युनिट वीज वाचवली, हेही कोणी मोजलेले नाही. ज्यांनी त्या बसवल्या त्यांना ‘शून्य ऊर्जा’ हा शब्दही ठाऊक नसेल. त्यांनी एवढेच पाहिले, की खालच्या मजल्यावर पुस्तक शोधणाऱ्यालाही उजेड मिळावा. येत्या शंभर वर्षांतील वाचकांसाठी जे कोणी या दालनांची काळजी वाहणार आहेत, त्यांनीही आरंभ तेथूनच करावा, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.